महिला व बालविकास राज्यमंत्र्यांकडे कोणतं काम न्यावं, कोणतं नेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या बालगृहाचं अनुदान दोन आर्थिक वर्षं अडकलंय, शेजारच्या तीन गावांत अंगणवाडीला इमारत नाही, आणि महिला व बालविकास राज्यमंत्री लवकरच जिल्हा दौऱ्यावर येताहेत. त्यांच्या हातात नेमकं किती असतं? निवेदन द्यावं का, आणि दिलं तर कसं?

निवेदन जरूर द्या, पण फक्त अनुदानाचं. इमारतीचा विषय त्याच कागदावर आणू नका, तो पालकमंत्री आणि जिल्हा परिषदेचा आहे. अनुदानाच्या बाबतीतही राज्यमंत्री पैसे मंजूर करू शकत नाहीत. नस्ती (म्हणजे फाइल) कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्यामुळे अडकली आहे हे मात्र ते एका बैठकीत बाहेर काढू शकतात. त्यांच्याकडून एवढंच मागा. यापेक्षा जास्त मागणारे बहुतेक हात हलवत परत येतात.

पद समजून घेताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये कॅबिनेट मंत्री आणि राज्यमंत्री अशी प्रतवारी नाहीच. ती येते अनुच्छेद १६६ खालच्या कार्यनियमावलीतून आणि प्रत्येक सरकारच्या प्रथेतून. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. त्यात राज्यमंत्री किती हे राजकीय गणित. डिसेंबर २०२४ मध्ये सहाच राज्यमंत्री झाले, म्हणून एकेकाच्या गळ्यात बरीच खाती पडली: मेघना बोर्डीकर यांच्याकडे महिला व बालविकासाबरोबर सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, ऊर्जा वगैरे. महाविकास आघाडीच्या काळात बच्चू कडू यांच्याकडे याच खात्याबरोबर जलसंपदा, शालेय शिक्षण आणि कामगार होतं. आणि जून २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळात राज्यात एकही राज्यमंत्री नव्हता. खातं काही बंद पडलं नाही. नस्त्या सचिवांकडून सरळ मंत्र्यांकडे गेल्या. तेव्हा राज्यमंत्र्यांचा या खात्याला मिळणारा वेळ आठवड्यातले काही तास इतकाच धरून चाला आणि त्या तासांत मावेल असंच काम घेऊन जा.

अधिकारांचं गणित एका कागदावर असतं. कॅबिनेट मंत्री आपल्याकडचे कोणते विषय राज्यमंत्र्यांकडे सोपवणार याचा लेखी आदेश काढतात. सहसा त्यात विधिमंडळ कामकाज, तक्रार अर्ज, खालच्या संवर्गांच्या आस्थापनाविषयक बाबी असं काहीतरी असतं. धोरण, नवी योजना, निविदा, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या मंत्र्यांकडेच राहतात. हा आदेश निघायला कधी महिने लागतात, तोवर राज्यमंत्री नावाला खात्याचे असतात. आदेश निघाल्यावरही तणाव संपत नाही. जुलै २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागात राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांनी बैठका घेतल्या म्हणून मंत्री संजय शिरसाट यांनी त्यांना पत्र लिहिलं. मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की राज्यमंत्र्यांना बैठका घेण्याचा अधिकार आहे, धोरणात्मक निर्णय मात्र मंत्र्यांच्या संमतीशिवाय घेता येत नाहीत. तुमच्या कामापुरता याचा अर्थ एवढाच की बैठक मागा, निर्णय मागू नका. मंत्रिमंडळाच्या बैठकीलाही राज्यमंत्री सहसा नसतात, विषयापुरतं बोलावलं तरच जातात. ‘साहेब, हे कॅबिनेटमध्ये मांडा’ हे वाक्य त्यांच्यासमोर वाया जातं.

आता तुमचा विषय कोणत्या साखळीत बसतो ते बघा. इथे सर्वांत जास्त गफलत होते, कारण एकाच जिल्ह्यात जवळजवळ एकाच नावाचे दोन अधिकारी असतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी हे पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाच्या साखळीतले. बालगृहं, बालकल्याण समिती (मूल कुठे ठेवायचं हे ठरवणारी), जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालसंगोपन योजना त्यांच्याकडे. दुसरे, जिल्हा परिषदेतले महिला व बालविकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी. त्यांच्याखाली बालविकास प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका, अंगणवाडी सेविका. आणि त्यांच्यावरचं आयुक्तालय पुण्यात नाही, बेलापूरच्या रायगड भवनात आहे. राज्यात अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेचे ५५३ प्रकल्प आहेत: ३६४ ग्रामीण, ८५ आदिवासी, १०४ नागरी. यातले नागरी प्रकल्प जिल्हा परिषदेकडे नसतात. अंगणवाडीचा अर्ज पुण्याच्या साखळीत टाकला तर तो ‘संबंधित नाही, पुढील कार्यवाहीस्तव वर्ग’ असा शेरा घेऊन फिरत राहतो आणि दोन-तीन महिने सहज जातात. दोन्ही साखळ्या वर जाऊन एकत्र येतात त्या विभागाच्या सचिवांपाशी. हा विभाग मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत नाही, समोरच्या नवीन प्रशासकीय भवनात तिसऱ्या मजल्यावर आहे. राज्यमंत्र्यांचं दालन एकीकडे आणि नस्ती रस्त्यापलीकडे असते, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसतं.

इमारतीचा विषय इथेच संपवतो. केंद्राच्या पोषण २.० योजनेच्या निकषांप्रमाणे एका अंगणवाडी इमारतीला १२ लाख रुपये धरले आहेत: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून, उरलेले २ लाख महिला व बालविकासाकडून केंद्र-राज्य हिश्श्यात. याशिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे मिळतात, आणि तिथे शब्द चालतो पालकमंत्र्यांचा. काम अडतं ते बहुधा जागेवर: गावठाणात जागा नाही, असली तर ग्रामपंचायतीचा ठराव नाही, ठराव असला तर सातबाऱ्यावर नाव भलतंच. या तीन गोष्टी तयार नसताना कुठल्याही मंत्र्याकडे गेलात तरी अंदाजपत्रक पुढे सरकत नाही.

अनुदानाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या निकषांनुसार निवासी संस्थेतल्या मुलामागे दरमहा ३,००० रुपये परिपोषण धरलं जातं, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. ‘शासन पैसे देत नाही’ असं संस्थाचालक म्हणतात तेव्हा कारण बहुतेकदा पुढच्यांपैकी एक असतं.

पहिलं, नोंदणी संपलेली असते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खालची नोंदणी पाच वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीनंतर गेला की मधला काळ अनुदानाला अपात्र ठरू शकतो. दुसरं, मुलं आहेत पण त्यांचे बालकल्याण समितीचे प्रवेश आदेश नाहीत. पालकांनी परस्पर आणून सोडलेलं मूल हजेरीत दिसतं, अनुदानाच्या यादीत दिसत नाही. तिसरं, तपासणी अहवाल नस्तीला जोडलेला नाही. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा भेट द्यायची, किमान तीन सदस्य, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, अहवाल आठवड्यात, त्यावर कारवाई महिन्यात. प्रत्यक्षात वैद्यकीय अधिकारी मिळत नाही म्हणून भेट लांबते आणि अहवाल नाही म्हणून देयक अडतं. चौथं, मागच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र किंवा लेखापरीक्षण अहवाल बाकी. पाचवं कारण तेवढं खरोखर शासनाकडचं: केंद्राचा हप्ता आला नाही, किंवा आला पण राज्याच्या हिश्श्याची तरतूद नाही आणि पुरवणी मागणीची वाट बघणं चालू आहे.

पहिल्या चार कारणांवर राज्यमंत्री काहीही करू शकत नाहीत. करायला लावाल तर ते अधिकाऱ्याला फोन करतील, अधिकारी त्रुटींची यादी वाचून दाखवेल आणि तुमचीच बाजू उघडी पडेल. म्हणून आधी जिल्हा कार्यालयाकडून लेखी त्रुटीपत्र घ्या, त्रुटी पूर्ण करा, पूर्ततेच्या पत्रावर पोच घ्या. मग कारण पाचवं उरलं, किंवा पूर्तता होऊनही नस्ती हलत नाही, तरच राज्यमंत्र्यांकडे जा.

निवेदन एका पानाचं, एका विषयाचं. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली चारच गोष्टी: किती मुलांचं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचं, किती रक्कम; त्रुटी कोणत्या तारखेला पूर्ण केल्या; शेवटचं पत्र कोणाकडून कोणाला, जावक क्रमांक आणि दिनांक; आणि मागणी. मागणीचं वाक्य असं असावं: ‘आयुक्तालय आणि विभाग यांच्या अधिकाऱ्यांसह बैठक लावून प्रलंबित कारणाचा अहवाल घ्यावा.’ ई-ऑफिसचा नस्ती क्रमांक मिळाला असेल तर तो विषयाच्या ओळीतच लिहा. मुलांची नावं, फोटो, आजार, घरची हकीकत यातलं काहीही निवेदनात नको. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तुमचं निवेदन दहा हातांतून जाणार असतं.

राज्यमंत्री निवेदनाच्या कोपऱ्यात शेरा लिहितात. तो शेरा म्हणजे आदेश नव्हे. विभाग तो नियमात तपासतो. तरी शेऱ्याशेऱ्यात फरक असतो. ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ याची किंमत शून्य आहे, तो निरोपाचा नमस्कार समजा. ‘तपासून सादर करावे’ बरा, कारण कागद परत त्यांच्याकडे यायला हवा. ‘सात दिवसांत वस्तुस्थितीदर्शक अहवाल सादर करावा’ हा खरा उपयोगी शेरा, त्याला मुदत आणि परतीचा पत्ता दोन्ही आहेत. ‘बैठक आयोजित करावी’ सर्वांत चांगला, पण त्याच वेळी खासगी सचिवांकडून तारीख घेतली तर. दौऱ्यात, हारतुऱ्यांच्या गर्दीत दिलेलं निवेदन गाडीतल्या गठ्ठ्यात जातं. त्याच दिवशी त्याची प्रत दालनाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, आठवड्यात विशेष कार्य अधिकाऱ्यांकडून आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसेल तर तुम्ही निवेदन दिलेलंच नाही असं समजा.

बैठक लागलीच तर तुमच्या बाजूचे दोघंच पुरेत. एक हिशोब सांगणारा आणि एक कायदा माहीत असलेला. वीस जणांचं शिष्टमंडळ नेलं की बैठकीचं भाषण होतं. आयुक्तालयाचे अधिकारी दूरदृश्य प्रणालीवर असतील तर आधी हे विचारून घ्या की नस्ती सध्या कोणाच्या लॉगिनला आहे. उत्तर आलं की अर्धं काम झालं. आणि बैठकीनंतर इतिवृत्त निघेपर्यंत पाठ सोडू नका. इतिवृत्त उपसचिव किंवा अवर सचिव तयार करतात, राज्यमंत्र्यांची मान्यता घेतात. त्यात ‘कार्यवाही: अमुक अधिकारी, कालावधी: अमुक दिवस’ हा रकाना नसेल तर लगेच कळवा. इतिवृत्तच निघालं नाही तर बैठक चहापुरती झाली. राज्यमंत्र्यांना विषयाचे अधिकार दिलेले नसतील तर अधिकारी बैठकीत मान डोलावतात आणि इतिवृत्तात ‘शासन स्तरावर तपासण्यात येईल’ असं लिहून मोकळे होतात. म्हणून इतिवृत्ताची प्रत कॅबिनेट मंत्र्यांच्या दालनातही द्या. काही राज्यमंत्र्यांना हे आवडत नाही. न आवडू दे.

कालमर्यादेला आधार २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाचा घ्यावा. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या नस्तीवर ४५ दिवसांत निर्णय. दुसऱ्या विभागाचा अभिप्राय लागत असेल तर तीन महिने. अनुदानाची नस्ती वित्त विभागाकडे जाते, म्हणजे तीन महिने धरा. ते उलटले की माहिती अधिकारात ‘नस्तीवरील टिप्पणीच्या पानांची प्रत’ मागा. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारलं तर उत्तर येतं ‘कार्यवाही सुरू आहे’. टिप्पणीची पानं मागितली की कोणी कोणत्या तारखेला काय लिहिलं ते उघड होतं.

राज्यमंत्री दौऱ्यात बालगृहाला भेट देणार असतील तर त्याची तयारी रंगरंगोटीने करू नका. चांगली भेट साधारण चाळीस मिनिटांची असते आणि तिची सुरुवात कार्यालयात होते, मुलांच्या स्वागतगीताने नव्हे. नोंदणी प्रमाणपत्र, हजेरी आणि प्रत्यक्ष डोकी, प्रत्येक मुलाचा समितीचा आदेश, वैयक्तिक काळजी आराखडा हे आधी बघायचं असतं. मग निवासखोली: निकष २५ मुलांना १,००० चौरस फूट, म्हणजे मुलामागे ४०. सात मुलांमागे एक शौचालय, दहांमागे एक न्हाणीघर. तक्रारपेटी आहे का, हे सगळेच बघतात. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारणारा जाणता. ती संस्थाचालकांच्या खिशात असेल तर पेटीचा काही उपयोग नाही. ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ या तीन वयोगटांच्या बालसमित्या असायला हव्यात. त्यांच्या बैठकांची वही एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने लिहिलेली दिसली तर ती भेटीच्या आदल्या रात्रीची आहे. स्वयंपाकघरात भिंतीवरचा आहारतक्ता वाचण्यापेक्षा कोठीतल्या डाळीचा साठा आणि साठावही जुळते का ते बघावं.

आणि फोटो. ताफ्यातला छायाचित्रकार मुलांच्या रांगेसमोर उभा राहतो, संध्याकाळी फोटो समाजमाध्यमांवर येतात. हे कलम ७४ च्या कचाट्यात सापडणारं आहे आणि पदावर असलेल्या व्यक्तीला त्यातून सूट नाही. नम्रपणे पण आधीच लेखी कळवा की मुलांचे चेहरे घेता येणार नाहीत. पाठमोरा फोटो, इमारतीचा फोटो, कर्मचाऱ्यांबरोबरचा फोटो चालतो.

भेटीत एक प्रश्न फार कमी लोकप्रतिनिधी विचारतात, आणि माझ्या मते तोच पहिला असावा: यातली किती मुलं घरी राहू शकली असती? कायद्याच्या तत्त्वांत संस्थेत ठेवणं हा शेवटचा मार्ग आहे. बालगृहांतल्या अनेक मुलांना आई किंवा वडील असतात, घर चालवायला पैसे नसतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,०००. ही प्रकरणं जिल्हा पातळीवर अडतात ती गृहचौकशी अहवालावर, कारण सामाजिक कार्यकर्त्यांची पदं रिकामी असतात. इथे राज्यमंत्र्यांनी जिल्ह्याचा प्रलंबित प्रकरणांचा आकडा मागितला, पुढच्या महिन्यात पुन्हा मागितला, तर फरक पडतो. आकडा दुसऱ्यांदा विचारला जाणार आहे हे कळलं की कार्यालय कामाला लागतं.

जिथे राज्यमंत्र्यांनी हात घालू नये आणि तुम्हीही घालायला लावू नये, अशी जागा म्हणजे बालकल्याण समिती. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार वापरते. मूल कोणत्या संस्थेत ठेवायचं, कोणाच्या ताब्यात द्यायचं हे ती ठरवते. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील. प्रतिपालन (मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्वाच्या प्रकरणांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. ‘मंत्र्यांचा फोन आला होता’ हे वाक्य समितीच्या नोंदीत गेलं तर तुमचंच प्रकरण बिघडेल.

समिती रिकामी असणं ही मात्र राज्यमंत्र्यांनीच लावून धरायची गोष्ट. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, निवड समितीच्या शिफारशीवरून शासन अधिसूचना काढतं. मुदत एकदमच संपते, निवडीची जाहिरात उशिरा निघते, मग शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार येतो. कायद्याला महिन्यात किमान २० दिवस बैठक अपेक्षित आहे. कार्यभारावरच्या समितीला ते जमणं अवघड. अंतिम निकालाला किमान तीन सदस्य हजर लागतात, दोनच उरले की दत्तक, मुलाला घरी परत पाठवणं, प्रवेश आदेश सगळं थांबतं. आणि प्रवेश आदेश थांबले की वरचं दुसरं कारण लागू होऊन तुमच्या बालगृहाचं अनुदानही थांबतं. संस्थाचालक पैशासाठी भांडत राहतात, तेव्हा खरं भांडण समितीच्या नियुक्तीसाठी असायला हवं.

पुरवठा आणि निविदांचे विषयही टाळा. पूरक पोषण आहार वर्षाला ३०० दिवस द्यायचा असतो. २०१७ मध्ये दर ठरले ते सर्वसाधारण मुलाला रोज ८ रुपये, गरोदर व स्तनदा मातेला साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलाला १२. रक्कम मुलामागे किरकोळ, एकूण प्रचंड, त्यामुळे कंत्राटांवरून न्यायालयं गाठली जातात. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं होतं, तरी महाराष्ट्राची घरपोच आहाराची निविदा २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केली. आहार निकृष्ट आला तर पाकिटाचा गट (बॅच) क्रमांक, उत्पादन दिनांक, पंचनामा आणि नमुना घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. राज्यमंत्र्यांना प्रत पुरे.

राज्यमंत्र्यांची खरी ताकद दिसते ती विधिमंडळात. दोन्ही सभागृहं एकाच वेळी चालतात, मंत्री एकीकडे असले की दुसरीकडे उत्तर द्यायला राज्यमंत्री उभे राहतात. लेखी उत्तर विभाग लिहून देतो. उपप्रश्नांना मात्र स्वतः बोलावं लागतं आणि तिथे शब्द निसटतात. ‘तपासून पाहू’ याला अर्थ नाही. ‘तीन महिन्यांत समिती नियुक्त करू’, ‘चौकशी करून अहवाल पटलावर ठेवू’ ही आश्वासनं ठरतात, आश्वासन समितीच्या यादीत जातात आणि ९० दिवसांत पूर्ततेची अपेक्षा असते. म्हणून तुमच्या आमदारांना विषय देताना लक्षवेधी सूचनेचा मसुदा देऊन थांबू नका, तीन उपप्रश्नही लिहून द्या आणि प्रत्येकात मुदत विचारा. जिल्हा, रिक्त पदं, शेवटची बैठक कधी झाली, एवढे तपशील हातात असले की राज्यमंत्र्यांना मोघम उत्तर देता येत नाही. अधिवेशनाच्या आधीच्या पंधरवड्यात विभाग माहिती गोळा करत असतो, तेव्हाच जिल्हा कार्यालयालाही तुमचा आकडा कळवून ठेवा म्हणजे वर जाणारी माहिती आणि तुमची माहिती जुळेल.

आणखी एका ठिकाणी हे पद कॅबिनेट मंत्र्यापेक्षाही उपयोगी पडू शकतं. मुलाचा विषय एका खात्यात मावत नाही. कुपोषित मूल अंगणवाडीत सापडतं तेव्हा ते महिला व बालविकासाचं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला आणि पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवसांसाठी दाखल करायची वेळ आली की सार्वजनिक आरोग्य विभागाचं. आदिवासी भागात अमृत आहाराचा पैसा आदिवासी विकास विभागाचा. सहा वर्षं पूर्ण झाली की शालेय शिक्षणाचं. अपंग मूल असेल तर दिव्यांग कल्याण विभाग वेगळा. पुनर्वसन केंद्रातून घरी आलेल्या मुलाचं पुढे काय झालं हे या फटींत हरवतं: केंद्राच्या नोंदीत ‘सुटका’, अंगणवाडीच्या ॲपमध्ये अजून ‘तीव्र कुपोषित’, आणि आई मजुरीला दुसऱ्या तालुक्यात. एकाच राज्यमंत्र्यांकडे महिला व बालविकास आणि आरोग्य ही दोन्ही खाती असतील तर ते दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एका टेबलावर बसवू शकतात. वेगवेगळ्या कॅबिनेट मंत्र्यांना त्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो. तुमच्या जिल्ह्यातून असा विषय मांडायचा असेल तर गेल्या तीन महिन्यांत पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेल्या मुलांची संख्या आणि त्यांपैकी अंगणवाडीत पुढची चार वजनं झालेल्यांची संख्या, हे दोनच आकडे नावांशिवाय द्या.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: या आठवड्यात जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडून त्रुटीपत्र किंवा ‘त्रुटी नाहीत’ असं लेखी उत्तर, नोंदणीची मुदत आणि सर्व मुलांचे प्रवेश आदेश तपासणं, मग दौऱ्याच्या दिवशी एका पानाचं निवेदन. इमारतींसाठी तिन्ही ग्रामपंचायतींचे ठराव आणि जागेचे उतारे घेऊन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे भेटा. जिल्हा वार्षिक योजनेच्या याद्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला तयार होतात, डिसेंबरनंतर गेलात तर पुढच्या वर्षाची वाट बघावी लागेल.